चाक नाही, आवा नाही : पश्चिम आफ्रिकेतली मडकी टिकतात कशी?

खापरखुंटी

पश्चिम आफ्रिकेतल्या मातीकामाचा विषय निघाला की गाडी नायजेरियातल्या नोक आणि इफेच्या प्राचीन मृण्मय मस्तकांवर जाऊन थांबते. संग्रहालयात काचेमागे तीच असतात, मान्य. पण माली, बुर्किना फासो, घाना, नायजेरिया या पट्ट्यात बायका आजही पाण्याची, रस्सा शिजवायची, ज्वारीची बिअर उकळायची जी मडकी घडवतात, त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. माझ्या मते या परंपरेचं मोल आधी त्या मडक्यात आहे, मस्तकं नंतर.

आता प्रश्न. फिरतं चाक नाही, बांधीव आवा (मडकी भाजायची भट्टी) नाही. उघड्यावर गवत-काटक्यांचा जाळ, कुठे अर्धा-पाऊण तास, कुठे दोनेक तास, आणि झालं. तापमान ६०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या मध्ये कुठेतरी. कागदावर बघितलं तर इतक्या झपाट्याने तापवलेलं मडकं तडकायला हवं, आणि इतक्या कमी आचेवर भाजलेलं ठिसूळ निघायला हवं. तरी ते तीन दगडांच्या चुलीवर रोज चढतं. हे जमतं कसं?

जाणकारांनी सविस्तर लिहा. ‘आदिम कला’ हे शब्द घेऊन येणाऱ्यांनी आधी चहा पिऊन यावं.

अर्धवटराव

सासूचं मडकं सुनेच्या हातून फुटलं तर काय होईल, या धाकाने टिकतं. पुढचा प्रश्न?

मृद्गंधा

अर्धवटराव, :) 

खापरखुंटी, निम्मं उत्तर कालवणात आहे. निव्वळ चिकणमाती सहसा कोणी वापरत नाही. जुन्या फुटक्या मडक्यांची खापरं उखळात कुटायची, चाळायची आणि ती भरड मातीत मळायची. ढोबळ प्रमाण दोन-तीन भाग मातीला एक भाग खापरी. जिथे जे मिळेल ते : कुठे भाताचं तूस, कुठे बाजरीचा कोंडा, गाढवाची वाळलेली लीद, वाळू.

यामुळे एक तर वाळताना माती कमी आकसते. दुसरं म्हणजे भाजताना भिंतीतल्या वाफेला बाहेर पडायला वाटा मिळतात, म्हणून झपाट्याने तापवलं तरी चालतं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं : भेग पडतेच, पण ती सरळ पुढे धावत नाही. खापरीच्या कणाशी अडते, वळते, तिथेच दमते. असं मडकं बारीकसारीक भेगा पोटात घेऊनच चुलीवर चढतं. गुळगुळीत गाळलेल्या मातीच्या नाजूक भांड्याला हे जमत नाही. त्याला पहिली भेग पडली की ते गेलं.

प्रमाण बिघडलं तर लगेच कळतं. भरड कमी पडली की सावलीत वाळतानाच तळ फाटतो. जास्त झाली की वळी, म्हणजे भिंत रचायची मातीची लांब दोरी, वाकवताना तिच्यावर आडव्या चिरा दिसतात. दाणा दोनेक मिलिमीटरच्या वर गेला की घोटताना तो उपटून येतो आणि जागी खड्डा राहतो.

तळकोकणी

वाळू का नको मग? फुकट मिळते.

मृद्गंधा

पाण्याच्या रांजणाला चालते. स्वयंपाकाच्या भांड्याला जपून. वाळूतली गारगोटी ५७३ अंशाला एकदम फुगते आणि थंड होताना तितकीच एकदम आकसते, त्यामुळे प्रत्येक दाण्याभोवती पोकळी पडते. खापरी मूळ मातीचीच असल्याने दोघी सारख्याच फुगतात. शिवाय वाळू गोल गुळगुळीत असते, माती तिला नीट धरत नाही.

त्याहून वाईट चुनखडी. ती असलेली माती ८०० अंशांच्या आसपास गेली की खड्याचा कळीचा चुना होतो. मडकं बाहेर काढताना अगदी ठणठणीत असतं. मग हवेतली ओल पिऊन चुना फुगतो आणि आठवड्याभरात भिंतीचे टवके उडायला लागतात. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजायचं, दोष आगीचा नाही, खाणीचा आहे.

नायजरकाठ

आता घडवण्याकडे येऊ. कालाबुगू हे मालीत सेगू शहरासमोर नायजर नदीच्या पलीकडच्या काठावरचं गाव. तिथल्या कुंभारणी लोहारांच्या घरातल्या. मांदे (माली आणि आसपासचा एक भाषासमूह) समाजात हे ठरलेलंच आहे : नुमू म्हणजे लोहार आणि त्यांच्या बायका ‘नुमुमुसो’, माती त्यांच्याकडे. लोखंड वितळवणारा आणि माती भाजणारी एका घरात, कारण आगीने पदार्थ बदलण्याची विद्या दोघांची. लोक त्यांना मानतात आणि थोडे बिचकूनही असतात.

त्या भागातली सर्वसाधारण पद्धत अशी. मातीची पोळी थापून ती पालथ्या घातलेल्या जुन्या मडक्यावर बसवायची. मध्ये राख भुरभुरायची, नाहीतर चिकटते. थापटून तळ सारखा करायचा आणि तो स्वतःचा भार पेलण्याइतका घट्ट झाला की लगेच उतरवायचा. इथे आळस केला की माल गेला : माती आकसते, आतलं मडकं आकसत नाही, तळ मधोमध उलतो. मग तो तळ खोलगट थाळीत ठेवून त्यावर अंगठ्याएवढ्या जाड वळ्या चढवायच्या. नुसत्या रचून भागत नाही, प्रत्येक वळी आतून-बाहेरून खालच्या थरात ओढून जिरवावी लागते. ओली वळी वाळलेल्या काठावर बसवली तर भाजल्यावर बरोबर त्या सांध्यावर आडवी भेग फिरते आणि मडक्याचं झाकण निघाल्यासारखं वरचं अर्धं हातात येतं.

पातळ करायला वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचा तुकडा. बोटाने टिचकी मारत भिंतीची जाडी ऐकायची. काठाला ओली चामड्याची पट्टी. मग लाल मातीचा पातळ लेप आणि घोटणं. घोटायला नदीतला गुळगुळीत गोटा किंवा गोरखचिंचेच्या बियांची माळ. घोटल्याने वरची माती दाबली जाते, झिरपणं कमी होतं. पाण्याच्या भांड्याचं पोट म्हणून कमी घोटतात किंवा मुद्दाम खरबरीत ठेवतात.

तळकोकणी

गोरखचिंच! सगळीकडे ‘आफ्रिकेतून आलेलं झाड’ म्हणून वाचलं होतं, तिच्या बियांचा हा उपयोग नव्हता माहीत.

नायजरकाठ

भाजणी राहिली. मोसम कोरडा हवा. पावसाळ्यात जळण ओलं असतं आणि हात शेतात अडकलेले. पण कोरड्याचाही जाच आहे. नोव्हेंबर ते मार्च सहाराकडून हरमॅटन वारा येतो, त्यात मडक्याचा काठ काही तासांत वाळतो आणि तळ ओलाच राहतो. म्हणून काठाला ओलं फडकं किंवा पानं गुंडाळून सावलीत ठेवायचं.

आधी शेक द्यायचा. आत निखारे टाकून किंवा निखाऱ्यांजवळ पालथं ठेवून, हात लावता येणार नाही इतकं मडकं तापवायचं. यात घाई केली तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत ढिगातून फटफट आवाज येतात : भिंतीतल्या पाण्याची एकदम वाफ होऊन पापुद्रे उडतात. एक फुटलं की त्याचे तुकडे शेजारच्या दोघांना घेऊन जातात.

मग लाकूडफाट्याचा थर, त्यावर मडकी आडवी-पालथी एकमेकांना टेकवून, फटींत बारकी भांडी, वर गवताचा जाड थर. कुठे कुठे गोवऱ्या आणि वर मोठी खापरं. गवताची राख ढिगावर गोधडीसारखी बसते आणि उष्णता आत कोंडते, त्यामुळे ‘उघडी आग’ म्हणताना ती वाटते तितकी उघडी नसते. संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवतात. भर जाळात वारा सुटला तर एका अंगाने गार हवा लागून लांब भेग जाते. ती काही केल्या सांधत नाही.

शेवटी लालभडक मडकं लांब काठीने ओढून काढायचं आणि झाडाच्या सालीच्या किंवा शेंगांच्या काढ्यात बुचकळायचं, नाहीतर त्यावर काढा शिंपडायचा. मालीत यासाठी जी झाडं वापरतात त्यांत आपली बाभूळही आहे, तीच जात. बांबारा भाषेत तिला ‘बगना’ म्हणतात. काढ्यातलं टॅनिन (सालीतलं तुरट द्रव्य) तापलेल्या भिंतीवर करपून छिद्रांत बसतं. रंग तपकिरी-काळा येतो आणि रस्सा झिरपत नाही. नायजेरियात ग्वारी कुंभारणी हेच काम डवाडवाच्या झाडाच्या शेंगांच्या काढ्याने करतात.

बोरूबहाद्दर

लालभडक मडकं पाण्यात? आणि फुटत नाही? मृद्गंधाताईंच्या प्रतिसादाचा पुरावाच झाला की हा.

भट्टीवाला

सगळं छान आहे, पण जरा वास्तवात या. बांधीव भट्टीत माल कमी फुटतो, रंग एकसारखा येतो, काळे डाग पडत नाहीत, १००० अंशांच्या पुढे गेलं की ताकद वाढते. चांगलं साधन उपलब्ध असताना उघड्यावर जाळत बसणं याला परंपरा म्हणून कुरवाळण्यात काय अर्थ आहे? आणि मडक्यांचा बाजार ॲल्युमिनियमने खाल्लाय हेही लिहा. भंगार वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेली ॲल्युमिनियमची भांडी तिकडे गल्लोगल्ली मिळतात.

मृद्गंधा

भट्टीवाला, ताकद वाढते हे बरोबर. पण कशाची ताकद?

आच चढली की माती काचेसारखी होऊ लागते, छिद्रं मिटतात. ठोकून बघाल तर कडक. पण तेच भांडं ज्वाळेवर ठेवा : तळ तापतो, काठ गार, आणि आता भेगेला अडवणारं आत काही उरलेलं नाही. स्वयंपाकाच्या मडक्याला कमी भाजलेलं, भरड, सच्छिद्र अंगच लागतं. त्यातच तळ गोल, भिंत सगळीकडे सारखी, कोपरा कुठेच नाही. म्हणजे ताण साठायला जागा नाही. पाण्याच्या भांड्याचं तर सगळं काम छिद्रांवरच चालतं. पाणी भिंतीतून झिरपून बाहेर वाळतं, म्हणून आतलं गार होतं. ते १२०० अंशाला भाजलं तर बरणी मिळेल, गार पाणी नाही.

जळणाचं गणितही बघा. भट्टी तासन्‌तास पेटती ठेवायला मोठी लाकडं लागतात. साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, लाकूड हीच टंचाई. गवत, काड, कोंडा हा शेतातला कचरा. डागांबद्दल म्हणाल तर ते जळण अंगाला टेकलं तिथे कार्बन बसल्याचे आहेत, भांड्याच्या कामात काही फरक पडत नाही.

ॲल्युमिनियमचा मुद्दा मान्य. शिजवायच्या मडक्यांना मोठा फटका बसलाय. रांजण मात्र तग धरून आहेत, कारण ॲल्युमिनियम पाणी गार करत नाही.

भट्टीवाला

छिद्रांचं पटलं. एकसारख्या रंगाला गिऱ्हाईक जास्त पैसे देतं, हे माझं म्हणणं तसंच आहे.

चिंचोका

भट्टी की उघडी आग, या वादाचं सगळ्यात ठळक उदाहरण लादी क्वाली. जन्म १९२५च्या सुमारास, नायजेरियातल्या क्वाली गावी, ग्वारी समाजात. नात्यातल्या थोरल्या बाईकडून पारंपरिक पद्धत शिकलेली : मातीच्या गोळ्यात मूठ घालून तळ, वर वळ्या, आणि मडकं स्थिर ठेवून स्वतः त्याच्याभोवती फिरणं. चाकाचं काम पाय करतात. वर सरडे, विंचू, मासे, भौमितिक पट्टे कोरायचे. तिची मडकी अबुजाच्या अमीराच्या वाड्यात होती. तिथे ती मायकेल कार्ड्यू या ब्रिटिश कुंभाराच्या नजरेत आली आणि १९५४ साली ती त्याच्या अबुजातल्या कुंभारकाम प्रशिक्षण केंद्रात दाखल झाली. हे अबुजा म्हणजे आजचं सुलेजा, राजधानी नव्हे.

तिथे तिने आकार आपलेच ठेवले. कोरीव रेघांत पांढरी माती भरली, वर काचलेप दिला आणि १२०० अंशांच्या वर भट्टीत भाजलं. युरोप-अमेरिकेत प्रदर्शनं झाली, १९७७ मध्ये अहमदू बेल्लो विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. १९८४ मध्ये ती गेली. आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेच्या मागच्या बाजूला मडकं घडवताना तीच आहे.

आता गोम बघा. ज्या मडक्यांनी तिला जगभर नेलं, ती पाणी गार करत नाहीत आणि चुलीवर चढत नाहीत. आकार पाण्याच्या घागरीचा, पण काम शोभेचं. तिच्या थोरवीला यामुळे जराही उणेपणा येत नाही. ‘भट्टी म्हणजे प्रगती’ हे समीकरण मात्र सरळ बसत नाही.

अर्धवटराव

नोटेवर कुंभारीण. आपल्याकडे नोट फाटली की दुकानदार घेत नाही, एवढंच आमचं चलनज्ञान.

गाडगेमहाल

अवांतर : नायजेरियातल्या इग्बो बायकांचं ‘उडू’ नावाचं वाद्य म्हणजे पाण्याची घागरच, फक्त पोटाला एक जास्तीचं भोक. आपल्या गोव्याच्या घुमटासारखंच ना?

चिंचोका

नाही. घुमटाच्या एका तोंडावर कातडं ताणलेलं असतं (पूर्वी घोरपडीचं, आता कायद्यामुळे बकरीचं). उडूला कातडं नाही, आतली हवाच घुमते. पोटावरच्या भोकावर तळहात मारून उचलला की ‘डुंब’ असा खर्ज येतो आणि दुसऱ्या हाताने वरचं तोंड कमी-जास्त झाकलं की स्वर सरकतो. भोक मोठं पाडलं तर स्वर चढतो, पोट मोठं केलं तर उतरतो. माती कातड्याइतकी घट्ट झाल्यावरच भोक पाडायचं : ओली असताना पाडलं तर कडा आत खचते, वाळल्यावर पाडलं तर तिथून चीर निघते. भिंत कुठे जाड राहिली तर नाद बोदा येतो.

रानवाटा

नक्षीबद्दल कोणीच बोललं नाही. पिळलेल्या दोरीचा तुकडा किंवा कोरलेली काडी ओल्या मडक्यावर लाटण्यासारखी फिरवली की नक्षीचा पट्टा उमटतो. शोभा तर येतेच, पण ओलं भांडं हातातून निसटत नाही आणि पृष्ठभाग वाढल्यामुळे पाणी जास्त वाळतं.

नैर्ऋत्य नायजेरियाच्या योरुबा भागात मक्याचं सोललेलं कणीस फिरवून केलेली नक्षी सापडते. मका अमेरिकेतून आला, म्हणजे कणसाचा ठसा असलेलं खापर कोलंबसाच्या आधीचं असूच शकत नाही. उत्खननात एका खापरावरून थराचं वय ठरायला इतकी साधी खूण दुसरी नाही.

आणि ईशान्य नायजेरियातल्या गाआंदा लोकांत देवाच्या मडक्यांवर तेच गोंदणासारखे व्रण उमटवतात, जे मुलींच्या अंगावर लग्नाआधी टप्प्याटप्प्याने काढत. घानात अकान लोकांकडे ‘अबुसुआ कुरुवा’, म्हणजे कुळाचं मडकं. कुणी वारलं की रक्ताच्या नातेवाइकांचे काढलेले केस त्यात घालून ते स्मशानाजवळच्या ठरलेल्या जागी ठेवायचं. ‘सांस्कृतिक मूल्य’ म्हणतात ते असं हातात धरता येतं.

इतिहासाचार्य

धागाकर्त्याने मस्तकांना बाजूला सारलंय, म्हणून थोडं त्यांच्या बाजूने. नोक गाव मध्य नायजेरियातल्या जोस पठाराच्या कडेला. तिथे १९२८ मध्ये कथलाच्या खाणीत पहिली मूर्ती मिळाली. १९४३ मध्ये मिळालेलं एक मस्तक त्याआधी शेतात बुजगावण्यावर बसवलेलं होतं. त्यावरून बर्नार्ड फॅग या पुरातत्त्वज्ञाने पाठपुरावा केला. मूर्तींचा काळ साधारण इ.स.पू. ९०० ते ४००. त्या आतून पोकळ, वळ्या रचून केलेल्या, भरड मातीच्या. म्हणजे तंत्र मडक्याचंच! डोळ्यांच्या बाहुल्या, नाकपुड्या, तोंड, कान यांना आरपार भोकं आहेत. ती रूपासाठी आहेतच, पण भाजताना वाफ निघायलाही तीच कामी येतात.

२००५ पासून फ्रँकफर्ट विद्यापीठाच्या पथकाने केलेल्या कामात एक गंमत निघाली. दूरदूरच्या ठिकाणांच्या मूर्तींची माती सारखी, घरगुती मडक्यांची मात्र जागोजागी वेगळी. म्हणजे मूर्तींची माती बहुधा एका ठरावीक जागेहून येत असावी.

मातीची भांडी म्हणाल तर मालीतल्या ऊंजूगू इथली खापरं इ.स.पू. ९४०० च्या आधीची आहेत. तिथे तेव्हा शेतीचा पत्ता नव्हता.

खापरखुंटी

तंत्र एकच आहे म्हणता, म्हणजे माझ्या बाजूनेच बोललात की.

इतिहासाचार्य

असू दे. पण लुटीचं लिहिल्याशिवाय मूल्याची गोष्ट पुरी होत नाही. मालीत जेन्ने-जेनो या प्राचीन नगराचा परिसर आणि नायजेरियात नोक प्रदेश खणून खणून चाळण केलाय. २००० साली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने धोक्यातल्या आफ्रिकी वस्तूंची लाल यादी काढली, त्यात हे दोन्ही आहेत. तरी फ्रान्सने १९९८ च्या सुमारास बाजारातून नोक मूर्ती विकत घेतल्या आणि पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात मांडल्या. ओरड झाल्यावर २००२ मध्ये मालकी नायजेरियाची असल्याचं मान्य केलं आणि त्या २५ वर्षांच्या बोलीवर उसन्या ठेवून घेतल्या. याला मराठीत काय म्हणतात ते अर्धवटराव सांगतील.

अर्धवटराव

चोराच्या उलट्या... जाऊ दे, संपादक झोपलेले नाहीत.

भट्टीवाला

पण खरी-खोटी मूर्ती तपासता येते ना? त्याने लूट आटोक्यात येत नाही का?

इतिहासाचार्य

उलट होतं. तापदीप्ती चाचणी सांगते की हा कण शेवटचा कधी तापला. बनावट करणारे जुन्या मूर्तींचे खरे तुकडे जोडून नवी मूर्ती उभी करतात आणि सांध्यावर जुन्या खापराची पूड लेपतात. नमुना जुन्या तुकड्यातून घेतला की प्रमाणपत्र मिळालंच. म्हणून नमुने तळ, धड, डोकं अशा वेगवेगळ्या जागांहून घ्यावे लागतात आणि सीटी स्कॅनमध्ये वळ्यांचे थर सलग जुळतात का ते बघावं लागतं. शिवाय वय खरं निघालं म्हणजे ती वस्तू चोरीची नाही असं थोडंच आहे? त्या प्रमाणपत्राने चोरीच्या मालाची किंमत मात्र वाढते.

तळकोकणी

मडक्यात मडकं ठेवून केलेला फ्रीज नायजेरियातलाच ना?

चिंचोका

हो, मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने तो उत्तर नायजेरियात पसरवला, २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. दोन मडकी, मध्ये वाळू, वाळू दिवसातून दोनदा भिजवायची, वर ओलं फडकं. तीन दिवसांत सडणारी वांगी २७ दिवस टिकल्याचं त्याच्या प्रयोगात नोंदलंय. अट एकच, हवा कोरडी हवी. लागोससारख्या दमट किनाऱ्यावर त्याचा उपयोग नाही आणि तळकोकणातही नाही, सॉरी. बाहेरचं मडकं आतून-बाहेरून काचलेप दिलेलं घेतलं तर तर काहीच होणार नाही. हा प्रकार लोक खरोखर करतात.

खापरखुंटी

मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. मिश्रणामुळे भेग अडते, आधीच्या शेकाने पाणी जातं, गोल आकारात ताण साठत नाही आणि कमी आच हे उणं नसून कामाचा भाग आहे. एकच राहिलं : बाजारात ढिगातून मडकं निवडायचं कसं?

नायजरकाठ

तळहातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आलं तर ठीक, बोदं आलं तर कुठेतरी भेग किंवा अर्धकच्चं. मग पाणी भरून अर्धा तास ठेवा. सगळीकडे सारखी ओल फुटली तर उत्तम, एकाच रेषेत थेंब आले तर परत द्या. काठावरून बोट फिरवून पांढरे ठिपके बघा, म्हणजे चुना. शिजवायचं असेल तर पहिल्यांदा पातळ पेज उकळून रात्रभर तशीच ठेवायची, पिठाने छिद्रं बसतात. पहिले काही दिवस आच मंद, आणि तापलेल्या मडक्यात गार पाणी ओतायचं नाही.

कालाबुगूचा माल सेगूच्या सोमवारच्या बाजारात येतो, होडीने. सकाळी लवकर गेलात तर डाग नसलेली मिळतात, उशिरा गेलात तर भट्टीवाल्यांना न आवडणारी.

भट्टीवाला

मी उशिराच जाईन. स्वस्त मिळतील.